सेन्सर बदलण्याआधी

आंबा घाट उतरून साखरप्याला पोचलो तेव्हा डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागलेला होता. जुलैचा पाऊस, मागच्या सीटवर सासूबाई आणि मुलं, रत्नागिरी अजून लांब. ब्रेकचा लाल दिवा मात्र लागलेला नव्हता, म्हणजे साधे ब्रेक शाबूत होते. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा तेवढी बंद पडली होती, आणि ओल्या रस्त्यावर नेमकी तीच लागते. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवत, सावकाश आम्ही घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. ड्रायव्हरच्या पायांच्या वर, डॅशबोर्डच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, तिथे तो जोडतात. पडद्यावर पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा कोड आला. "ताई, सेन्सर गेलाय. नवीन घालावा लागेल. कोल्हापूरहून मागवतो," मिस्त्री म्हणाला. पार्ट यायला वेळ होता म्हणून गाडी घरी आणली.

माझे सासरे, म्हणजे बाबा, आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचे शिल्पनिदेशक होते. कोडचा कागद त्यांनी नीट वाचला आणि म्हणाले, "हा कोड सर्किटचा आहे गो. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याची वायर, कपलर, सगळंच आलं. आधी बघूया तरी." मला तेव्हा सेन्सर कुठे असतो हेही माहीत नव्हतं.

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून टॉर्च मारला की चाकाची आतली बाजू दिसते. हबजवळ एका बोल्टने बसवलेलं बोटाच्या पेराएवढं काळं प्लास्टिकचं डोकं, तो सेन्सर. त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणारी कडी असते, काही गाड्यांत दातेरी, काहींत चुंबकीय. ती किती वेगाने फिरते ते सेन्सर मोजतो. चारही चाकांचे वेग एबीएसच्या कंट्रोलरकडे जातात आणि एखादं चाक अचानक थांबू लागलं की त्या चाकाचा ब्रेक तो क्षणभर सैल करतो. सेन्सरवर कोकणची लाल माती थापली होती. ती मऊ ब्रशने काढली. खरा दोष मात्र वर होता. सेन्सरची वायर शॉक ॲब्सॉर्बरच्या कडेने, रबरी ग्रोमेटमध्ये अडकवून वर नेलेली असते. त्यातला एक ग्रोमेट ब्रॅकेटमधून सुटला होता, वायर लोंबत होती आणि स्टिअरिंग वळवलं की टायरला घासत होती. वरचं आवरण झिजून आतलं तांबं हिरवं पडलं होतं.

बाबांनी चावी बंद करून कपलर सोडवला. वायर न ओढता, लॉकची जीभ दाबून. मग मल्टिमीटर लावून वायर हलवून बघितली. मीटरचा आवाज मध्येच तुटायचा, पुन्हा यायचा. खराब तुकडा कापून त्यांनी नवी वायर जोडली, डाग दिला, वर हीट श्रिंक नळी चढवली आणि ग्रोमेट जागेवर बसवला. डाग दिलेला भाग वळणाच्या जागेपासून दूर ठेवला, कारण वायर सतत वाकते तिथे डागाशेजारी ती पुन्हा तुटते. थोडी गाडी चालवल्यावर दिवा विझला. पार्टची ऑर्डर मी फोन करून रद्द केली. मिस्त्रीने खुशीने केली, हेही सांगायला हवं.

त्यानंतर बाकीचे सेन्सर शोधायचा मला नादच लागला. बाबांनी सोपी युक्ती सांगितली: इंजिनात हवा ज्या वाटेने जाते त्या वाटेने बघत जा. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडी, तिथे थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा सेन्सर. पुढे मॅनिफोल्डवर आतला दाब मोजणारा मॅप सेन्सर. काही गाड्यांत त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला फिल्टरनंतरच्या नळीत हवेचं वजन मोजणारा मॅफ असतो. त्याच्या बारीक तारेला कापड किंवा कॉम्प्रेसरची हवा कधीही लावू नये, फक्त त्याच्यासाठीच मिळणारा स्प्रे वापरावा. मग इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर, थर्मोस्टॅटच्या घरापाशी कूलंटचं तापमान सांगणारा. हा बिघडला तर इंजिन थंडच आहे असं समजून पेट्रोल जास्त सोडलं जातं, ॲव्हरेज घसरतो, काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा सतत फिरतो. शेवटी सायलेन्सरच्या वाटेवर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक, असे ऑक्सिजन सेन्सर. इंजिन गार झाल्याशिवाय तिथे हात घालायचा नाही, कारण हा सेन्सर कामच साधारण ३०० अंशांच्या वर सुरू करतो.

एका पावसाळ्यात उंदरांनी नेमकी याच सेन्सरची वायर कुरतडली आणि चेक लाइट लागला. तिथेही सेन्सर ठीक होता.

प्रत्येक वेळी वायरच असते असं मात्र नाही. एका उन्हाळ्यात गाडी चांगली तापली की चालता चालता बंद पडायची, आणि गार झाल्यावर जणू काही झालंच नाही अशी सुरू व्हायची. स्कॅनरवर पी ०३३५ आला, क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटचा कोड. हा सेन्सर क्रँक कुठे आहे ते सांगतो, त्याच्याशिवाय ठिणगी कधी पाडायची हे कंट्रोलरला कळतच नाही. कपलर स्वच्छ, वायर धड, आणि दोष फक्त गरम असताना. सेन्सरच गेला होता. आम्ही तो बिनतक्रार बदलला, कारण भर रस्त्यात इंजिन बंद पडणं हा पैसे वाचवण्याचा विषय नाही.

देखभाल म्हणून मी फार काही करत नाही. मृगाच्या आधी चाकांच्या आतल्या वायरी आणि ग्रोमेट बघते, चार महिने लाल मातीत गाडी फिरल्यावर पुन्हा बघते. वॉशिंग सेंटरवर बोनेटच्या आत प्रेशरचं पाणी मारू देत नाही. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नाही, कूलंटच. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. ते बंपरमधले गोल ठिपके ओल्या फडक्याने पुसते, त्यांच्यावर स्टिकर लावत नाही, आणि बंपर रंगवायला दिला तर त्यांच्यावर रंगाचे थर चढू नयेत असं आधीच सांगते.

तुमच्या गाडीचा सेन्सर गेला असं कुणी सांगितलं तर कपलर उघडून दाखवायला सांगा आणि वायर शेवटपर्यंत हाताने तपासायला सांगा. चांगला मिस्त्री त्याचा राग मानत नाही. पण एबीएसचा दिवा लागलेला असेल तर पावसात घाटाला गाडी काढू नका, आधी तो दोष शोधून घ्या. आणि त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी तिथेच बाजूला घ्या.