आधी क्लच की आधी ब्रेक

सोलापुरात कुणाच्याही शेजारच्या सीटवर बसलो की माझं लक्ष चालवणाऱ्याच्या डाव्या पायाकडे जातं. सात रस्त्याला दिवा लाल झाला, नव्या पेठेत रिक्षा आडवी आली, नाहीतर न रंगवलेला गतिरोधक ऐनवेळी दिसला, की आधी हलतो तो हाच पाय. क्लच तळापर्यंत, ब्रेक त्यानंतर. गाडी थांबते, पण मागच्या सीटवरच्या माणसांच्या माना एकदा पुढे आणि एकदा मागे जातात. लोक याचं खापर ब्रेकवर फोडतात. माझं मत असं झालंय की धक्क्याचं मूळ क्लचच्या घाईत आहे.

ही सवय येते कुठून ते पाहिलं, तर चालवणाऱ्याला दोष देता येत नाही. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी सुरुवातीचे दिवस विसाच्या वर क्वचितच जाते. शिकणाऱ्याला भीती एकच, भर चौकात गाडी बंद पडेल आणि मागून हॉर्न सुरू होतील. म्हणून शिकवणारा सांगतो, थांबायचं म्हटलं की क्लच दाबा. पहिल्या-दुसऱ्या गिअरात, त्या वेगाला, ते बरोबरच आहे. लायसन्सची परीक्षाही आठच्या आकड्याची आणि रिव्हर्सची, म्हणजे तीसुद्धा रांगत्या वेगातली. साठच्या वेगातून कसं थांबायचं हे शिकवायचं राहूनच जातं, आणि विसाला शिकलेला धडा माणूस साठला वापरतो.

साठला काय होतं ते बघा. रेसवरून पाय काढला की इंजिन गाडीला मागे ओढत असतं. क्लच दाबताच ती ओढ सुटते आणि गाडी क्षणभर पुढे निसटल्यासारखी वाटते. त्या निसटण्याला दचकून उजवा पाय ब्रेकवर गरजेपेक्षा जोरात पडतो. पहिला हिसका तो. छोट्या पेट्रोल गाडीत चौथ्या गिअरातली ही ओढ फार नसते, वेग मारायचं खरं काम ब्रेकच करतो, हे मान्य. पण गाडी गिअरात राहिली तर वेग एकसारखा उतरतो आणि पायाला अंदाज बांधता येतो. चौथ्यात साधारण 25-30 पर्यंत आणि दुसऱ्यात 10-12 पर्यंत इंजिन कुरकुरत नाही. ते थरथरायला लागलं की मग क्लच. आणखी एक गोष्ट हिशोबाची आहे. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे 60 वरून 30 वर आलात की पाऊण ऊर्जा गेली, पाव उरली. मोठं काम लांबूनच उरकायला हवं. आपण करतो उलटं: लांबून नुसता पाय टेकवायचा आणि दिव्याजवळ येऊन दाबायचं.

मेकॅनिक यावर म्हणतो, ब्रेक पॅड स्वस्त, क्लच प्लेट महाग, ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मग इंजिनाने वेग का कमी करायचा? आक्षेप खरा आहे, पण तो चार-तीन-दोन-एक असे गिअर टाकत थांबणाऱ्यांना लागू पडतो. मी तेवढं करा म्हणत नाही. असलेल्या गिअरात राहायचं, ब्रेकने वेग उतरवायचा आणि क्लच शेवटी एकदाच दाबायचा. यात प्लेट झिजेल कशाने?

पेट्रोलचा आक्षेप जुना आहे. न्यूट्रल केलं की बचत होते, हा समज प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसेडरच्या कार्ब्युरेटरच्या काळातला. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत रेस सोडून गिअरात राहिलात आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असले, तर पेट्रोल पूर्ण तोडलं जातं. चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतंच. न्यूट्रलची गाडी जास्त लांब घरंगळते हे कबूल, पण आपल्याला तर थांबायचंय.

खरं तर सोलापूर सपाट आहे, म्हणून ही सवय इथे खपून जाते. तुळजापूरहून परतताना घाट लागतो तिथे ती महागात पडू शकते. क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर उतरलात तर सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकड ढिली होते. काही जण तर उतारावर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम उगाच आलेला नाही.

राहिला गर्दीचा मुद्दा. लांबून वेग कमी केला की पुढच्या मोकळ्या जागेत दुचाकी घुसते. घुसू दे. तिच्यामुळे आपण चार-पाच मीटर मागे राहतो, एवढंच. उलट गाळपाच्या हंगामात रात्री समोर उसाच्या दोन ट्रॉल्या असतात आणि मागे दिवा असेलच असं नाही. तिथे हेच अंतर कामाला येतं, कारण साठच्या वेगात एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर रस्ता सरतो. आणि अचानक कुणी आडवं आलंच, तर हे सगळं विसरून ब्रेक आणि क्लच दोन्ही पूर्ण दाबायचे. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, चाकं लॉक होऊ न देणं त्याच्यावर सोडायचं.

एरवीच्या थांबण्यात मात्र कसब शेवटच्या हातभर अंतरात आहे. ब्रेक लागलेला असताना गाडीचं नाक खाली दबतं, पुढच्या स्प्रिंगा आवळलेल्या असतात. चाकं थांबताच त्या सुटतात आणि नाक वर उसळतं. माना मागे जातात त्या तेव्हा. म्हणून पट्टा हातभर राहिला की पेडलवरचा दाब थोडा सैल करायचा, पाय उचलायचा नाही. नाक आधीच हळूहळू वर येतं, गाडी थांबते, आणि मग पुन्हा ब्रेक दाबून धरायचा. बाटलीतलं पाणी फारसं हिंदकळत नाही.