वाढायला जागा

लोहाराचा भाता आणि कव्वालीच्या पेटीचा भाता आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तिसरा एक भाता मात्र फार थोड्यांनी पाहिला असेल. तो कारखान्यातल्या पाईपांत बसवलेला असतो. आम्ही त्याला बेलोज म्हणतो. पाईप फिटर म्हणून माझी निम्मी हयात त्याच्या संगतीत गेली. आधी पुण्याजवळ, नंतर आखातात.

हा भाता हवा फुंकत नाही. लोखंड तापले की वाढते. दहा मीटर लांबीचा पोलादी पाईप दोनशे अंशांनी तापला तर सुमारे २४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच लांब होतो. दोन्ही टोके जखडलेली असतील तर हा इंच जाणार कुठे? पाईप वाकतो, नाही तर ज्या पंपाला जोडलेला असतो त्यावर जोर येऊन तिथे तडा जातो. म्हणून मध्ये स्टेनलेसच्या पातळ पत्र्याची, वळ्या पाडलेली नळी बसवतात. पाईप वाढला की वळ्या मिटतात, थंड झाला की उघडतात.

पण आतल्या वाफेचा दाब या वळ्यांना ताणू पाहतो. तो ताण पेलायला काही बेलोजवर कायमचे रॉड असतात. ते काढले तर बेलोज फाटू शकतो. नवा माल येतो तेव्हा आणखी काही रॉड असतात, बहुधा पिवळे रंगवलेले. ते फक्त प्रवासापुरते. ते तसेच राहिले तर बेलोज असून नसल्यासारखा. कोणता रॉड ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे कागद वाचल्याशिवाय कळत नाही.

आखातातल्या एका कामावर वाफ सोडायची तयारी झाली होती. परभणीकडचा, नुकताच आयटीआय करून आलेला एक पोरगा हेल्पर होता. त्याने सुपरवायझरला विचारले, "साब, ये पीले रॉड ऐसेच रखने के?" उत्तर मिळाले, "तू पाना पकड, इंजिनिअर मत बन." पोरगा गप्प झाला. रात्री खोलीवर मात्र माझ्याकडे आला. म्हणाला, "चाचा, त्या रॉडच्या चिठ्ठीवर काढा असं लिहिलंय." सकाळी आम्ही दोघे तपासणीच्या इंजिनिअरकडे गेलो. दुपारपर्यंत रॉड निघाले, मग वाफ सुटली. काहीच घडले नाही, म्हणून त्या पोराचे कुणी नावही घेतले नाही.

न विचारल्याने काय घडते, ते इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोने पाहिले. तिथल्या रसायन कारखान्यात १९७४ च्या मार्चमध्ये सहापैकी पाचव्या रिअ‍ॅक्टरला तडा सापडला. तो काढून त्या जागी दोन बेलोजच्या मध्ये वाकडा पाईप बसवला. त्याचा नकाशा म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती. वाकड्या पाईपावर दाबाचा जोर कसा येईल, याचा हिशेब कुणी केला नाही. तो हिशेब पाहू शकेल अशा वर्क्स इंजिनिअरची जागा रिकामी होती. पाईप मचाणावर नुसता टेकवलेला होता. १ जूनला तो निखळला, बाहेर पडलेल्या सायक्लोहेक्झेनच्या ढगाने पेट घेतला आणि २८ माणसे गेली. शनिवार होता, कामाचा दिवस असता तर आणखी कितीतरी गेली असती.

आपल्या मोहल्ल्यांतून आजही पोरे फिटर, वेल्डर होऊन परदेशी जातात. व्हिसा, तिकीट, एजंटाचे पैसे यांचा हिशेब घरोघर होतो. अम्मी दुवा देते. पण पोराला ड्रॉइंग वाचता येते का, चिठ्ठीवरचे इंग्रजी कळते का, हे कुणी विचारत नाही. न कळणारा माणूस प्रश्न विचारीत नाही, आणि पाईप फुटतो तेव्हा सर्वांत जवळ तोच असतो.

आखातातून परतलेले माझ्यासारखे कारागीर गावोगावी आहेत. जमातीच्या हॉलमध्ये आठवड्याला दोन तास जरी आम्ही या पोरांना घेऊन बसलो, तरी पुष्कळ होईल. एक फळा आणि दोन-चार जुनी ड्रॉइंग एवढ्यावर सुरुवात करता येते.