रेकॉर्डवरचं नाव

रॉन डान्टेचा आवाज मला लहानपणापासून पाठ होता. त्याचं नाव मात्र फार उशिरा कळलं. दादरच्या घरी रेडिओवर ‘शुगर शुगर’ लागायचं, तेव्हा हातात वाचनालयातून भाड्यानं आणलेलं आर्चीचं कॉमिक असायचं. गाणं ‘द आर्चीज’चं, म्हणजे चित्रातल्या मुलांचं. गाणारं माणूस कोण, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

१९६९ साली हे गाणं अमेरिकेत चार आणि ब्रिटनमध्ये आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. लिहिलं जेफ बॅरी आणि अँडी किम यांनी, डान्टेच्या जोडीला टोनी वाइनचा आवाज. टीव्हीवरच्या कार्टूनसाठी डॉन कर्शनरनं हा सगळा घाट घातला होता. आर्चीजच्या पुठ्ठ्याच्या रेकॉर्डी नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यांवर छापलेल्या असत. मुलं त्या कापून घेऊन वाजवत. अशा संगीताला ‘बबलगम’ म्हणून बाजूला सारणं समीक्षकांना सोपं गेलं.

त्याच सुमाराला ‘ट्रेसी’ गाजलं. रेकॉर्डवर नाव ‘द कफ लिंक्स’, पण मुख्य आवाज डान्टेचा आणि मागचा कोरसही त्याचाच, एकावर एक ट्रॅक चढवलेला. हे काम किती अवघड आहे ते मला कळतं, कारण पुढे माझी उमेदीची वर्षं मुंबईच्या स्टुडिओंत कोरस गाण्यात गेली. सूर जुळवणं त्या मानानं सोपं. खरी परीक्षा शब्दाच्या शेवटी असते. एकीचा ‘स’ जरा लांबला, एकीनं श्वास अर्धी मात्रा आधी घेतला, की टेक पुन्हा. डान्टेचे ते सगळे आवाज एकाच क्षणी मिटतात, तरी प्रत्येकात जीव असतो. याला मी पोरखेळ कधीच म्हणणार नाही.

कोरसच्या त्या दिवसांतच अमेरिकेहून आलेल्या मावसभावानं ‘रॉन डान्टे ब्रिंग्ज यू अप’ ही लाँगप्ले आणली. १९७० सालची, डान्टेच्या स्वतःच्या नावाची. आवाज तोच, कोवळा आणि उजळ. पण इथे तो कार्टूनच्या आडून येत नव्हता. मी ती मन लावून ऐकली, आणि ऐकताना मला ‘महल’ हा सिनेमा आठवत राहिला. १९४९ साली त्यातल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं, मधुबालाच्या पात्राचं नाव. श्रोत्यांनी रेडिओला विचारणा केल्यावर लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत पोचलं. डान्टेच्या बाबतीत तसं झालं नाही. त्याची लाँगप्ले चालली नाही. पुढे बॅरी मॅनिलोच्या ‘मँडी’च्या निर्मात्यांत त्याचं नाव आलं, ब्रॉडवेवरच्या ‘एन्ट मिसबिहेविन’च्या निर्मात्यांतही आलं, गायक म्हणून ते मागेच राहिलं.

लग्नात, बदल्यांत, घर बदलताना बऱ्याच रेकॉर्डी मी देऊन टाकल्या. ही दिली नाही. कोरसमधल्या मैत्रिणी घरी आल्या की मी ती आवर्जून लावते. आमची नावं कुठल्याच कव्हरवर नाहीत, म्हणून असेल, सगळ्या शेवटपर्यंत ऐकतात.

‘शुगर शुगर’ तुम्ही नक्की ऐकलं असेल. आता त्यामागोमाग ही लाँगप्ले मिळवून ऐका. आवाज लगेच ओळखाल. नावही लक्षात ठेवा: रॉन डान्टे.