नेम, वसा आणि उद्यापन

काशीहून परतलेल्या माणसाला आमच्याकडे पहिला प्रश्न विचारला जाई, "मग, काय सोडून आलात?" गंगेत स्नान करून आवडीचं एखादं फळ किंवा भाजी जन्मभरासाठी सोडायची, अशी रीत होती. माझ्या आत्याआजीने फणस सोडला होता. तिचं माहेर रत्नागिरीकडचं, परसात कापा आणि बरका अशी दोन्ही झाडं. वैशाखात माहेरचा फणस आला की हाताला आणि विळीला तेल लावून तीच तो फोडायला बसायची. गरे काढून आम्हा मुलांना वाटायची, आठिळ्या धुऊन भाजीसाठी बाजूला ठेवायची आणि शेवटी हात धुऊन उठायची. घरभर दरवळ सुटलेला असायचा. तिच्या चेहऱ्यावर त्रास दिसायचा नाही, पराक्रमही दिसायचा नाही. इतका आवडत होता तर सोडला कशाला, असं आम्ही विचारलं की म्हणायची, "कारलं सोडून कुठलं पुण्य लागणार रे?"

त्या पिढीच्या बोलण्यात संयमाचा मोठा शब्दसाठा होता आणि प्रत्येक शब्दाला त्याचं हक्काचं क्रियापद होतं. नेम धरायचा. वसा घ्यायचा, घेतला की टाकायचा नाही. नवस बोलायचा आणि फेडायचा. मौन पाळायचं, माळ घालायची, उपास सोडायचा. पाप लागायचं, पुण्य गाठीला बांधायचं. व्रताचं उद्यापन करायचं. या क्रियापदांना मी फार महत्त्व देतो. 'धरणं'मध्ये हातातून सुटू शकण्याची शक्यता आहे. 'फेडणं'मध्ये कर्ज आहे. सोलापूर-पंढरपूरकडे एखाद्याने माळ घातली असं म्हटलं, की त्यात सगळं आलं: मांसाहार सुटला, दारू सुटली, एकादशी आली, वारी आली आणि उद्या बाजारात हा माणूस मापात मारणार नाही, ही अपेक्षाही आली. गळ्यातली तुळशीची माळ सगळ्या गावाला दिसत असे, त्यामुळे तो शब्द पाळायला गावाचीही मदत व्हायची.

उपासाचेसुद्धा किती प्रकार! दिवसातून एकदाच जेवायचं ते एकभुक्त. दिवस मावळल्यावर जेवायचं ते नक्त. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, हे धारणं-पारणं. कोणी चातुर्मासात परान्न वर्ज्य करी, कोणी जेवताना बोलत नसे, कोणी पानात मीठ वरून वाढून घेत नसे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचे चार महिने म्हणजे या शब्दांचा हंगाम. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याची भजी आणि थालीपिठं पोटभर खायची आणि मग कांदा-लसूण-वांगं बंद. वांग्याची सुटका तर पार मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावर. मनाई सुरू होण्याआधी हौस पुरवून घ्यायची आणि संपल्यावर पुन्हा हौसेने खायचं, यातलं शहाणपण मला आजही भावतं. खाण्याचा आनंद त्या घरांनी कधी पाप मानला नाही, त्याला वेळ नेमून दिली.

पावसाचे हेच महिने इतरांच्याही घरी वेगळ्या शब्दांनी साजरे होत. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकत आणि पर्युषणानंतर लहानथोर एकमेकांची क्षमा मागत. नागपूरला 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्यानंतर वस्त्यांमधून 'वर्षावास' हा शब्द नव्याने आला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी विहारात जमून बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन करायचं. तिथे 'पंचशील' हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी असतो. आणि ऋतू पावसाचा असो वा नसो, रमजानात शेजारच्या घरी रोजा सोडायची वेळ झाली की आमची आईसुद्धा घड्याळाकडे बघायची.

मात्र या शब्दांची आठवण काढताना त्यांनी कोणाला चटके दिले, तेही सांगायलाच हवं. 'एकभुक्त' हा शब्द आत्याआजीने स्वतः निवडलेला नव्हता. विसाव्या वर्षी वैधव्य आलं आणि रात्रीचं जेवण तिच्यापुरतं बंद झालं. फणस तिने सोडला, रात्रीचं जेवण तिच्याकडून सोडवलं गेलं, आणि घरात दोन्हींना एकच नाव होतं, व्रत. नेम बहुतेक सगळे बायकांच्या वाट्याला. पुरुषांच्या जिभेवर चातुर्मासाचा अंमल फारसा चालत नसे. सोवळं-ओवळं, शिवाशीव, विटाळ हे शब्द तर माणसाला माणसापासून तोडण्यासाठीच राबवले गेले. चोखोबांच्या सोयराबाईंनी चौदाव्या शतकात आपल्या अभंगातून विटाळाच्या कल्पनेलाच जाब विचारला होता, तरी पुढची सहाशे वर्षं तो शब्द घराघरांत ताठ उभा होता. आज तो मुलांना समजावून सांगावा लागतो, याचा मला मनापासून आनंद आहे. असे शब्द गेले ते चांगलं झालं.

पण याच भाषेतल्या 'उपोषण' शब्दाला साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात कुठे नेऊन ठेवलं ते पाहा. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी अन्न वर्ज्य केलं आणि ते दार उघडलं. गांधीजींच्या आश्रमातल्या अकरा व्रतांमध्ये 'अस्वाद' होता, म्हणजे जिभेच्या चोचल्यांवर ताबा, आणि त्याच यादीत 'स्पर्शभावना'ही होती, म्हणजे अस्पृश्यता न पाळणं. जिभेला आवर आणि माणसाला जवळ घेणं या दोन गोष्टी तिथे शेजारी बसल्या. गाडगेबाबा कीर्तनातून दारू सोडा, कर्ज काढून सण करू नका, देवापुढे कोंबडं-बकरं कापू नका, असं विचारत विचारत सांगत. त्यांच्याही तोंडी शब्द धर्माचेच होते. ते शब्द लोकांच्या घरातले होते, म्हणून लोकांना पोचले.

आज उपासाच्या तारखा हरवलेल्या नाहीत. 'कालनिर्णय' 1973 पासून भिंतीवर आहे, संकष्टीची चंद्रोदयाची वेळ त्यात मिळते, आता फोनवरही मिळते. बोलणं मात्र बदललं. घरात ऐकू येतं ते डाएट, कंट्रोल, लिमिट, डिटॉक्स. माझा भाचा सोळा तास उपाशी राहतो आणि आठ तासांत जेवतो. त्याची चिकाटी आत्याआजीपेक्षा तसूभर कमी नाही, हे मी पाहिलं आहे. पहाटे उठून धावणारी, साखर सोडलेली, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपणारी तरुण मुलं माझ्या ओळखीत आहेत. आजची पिढी स्वैर झाली, असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही.

फरक आहे तो शेवटच्या पायरीत. भाच्याचा हिशेब वजनकाट्यावर पूर्ण होतो. सोळा सोमवार केले की त्याचं उद्यापन असे, मेहुण जेवायला बोलवावं लागे. चातुर्मासात जे सोडलं, तेच समाप्तीला दान करायचं: मीठ सोडलं तर मीठ, तूप सोडलं तर तूप. म्हणजे मी न खाल्लेलं कोणाच्या तरी पानात पडलंच पाहिजे, अशी सोय त्या व्रतातच होती. ती जिथे नुसती उरकली गेली तिथे काही अर्थ नव्हता, दक्षिणेच्या निमित्ताने तीच ठरावीक घरं पुन्हा पुन्हा जेवली, हेही खरं. पण सोडण्याला देण्याची जोड हवी, हा आग्रह भाषेनेच धरून ठेवला होता. डाएट या शब्दात दुसरा माणूस कुठेच नाही.

तीच गोष्ट टोकण्याच्या शब्दांची. "अन्नाला नावं ठेवू नये", "पानात टाकू नये", "उतू नये, मातू नये", "जनाची नाही तर मनाची तरी ठेव". या शेवटच्या वाक्यात लाजेचे दोन प्रकार किती नेमके वेगळे केले आहेत: लोक बघतील म्हणून वाटते ती, आणि कोणी बघत नसतानाही वाटते ती. आमच्या शेजारच्या किराणा दुकानदाराला एकदा कोणीतरी ही दुसरी लाज काढून दाखवली आणि तो वजन पुन्हा करायला उठला, हे मी लहानपणी पाहिलं आहे. आता आपण मुलांना "गिल्टी वाटू देऊ नकोस" म्हणतो. भीतीने खचलेल्या मुलाला ते सांगायलाच हवं, पण चाड, भीड, मर्यादा, संकोच हे सगळे शब्द एकाच टोपलीत भरून फेकून दिले तर चुकीचं काही हातून घडल्यावर त्याला स्वतःशी बोलायला शब्द उरणार नाहीत. 'चाड' हा शब्द मला परत हवा आहे. 'नेम' हवा आहे, 'उद्यापन' तर हवंच आहे. सोवळं आणि विटाळ यांना वगळून, आणि स्त्री-पुरुष दोघांसाठी सारखे.

तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: तुम्ही आयुष्यात काय काय सोडलंत? त्यातलं स्वतःहून काय सोडलंत आणि तुम्हाला काय सोडायला लावलं? दोन्ही प्रश्न विचारा, आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.