शनिवारची दाढी

वकिलाच्या गळ्यातले दोन पांढरे पट्टे ज्याने प्रथम योजले, तो बहुधा दाढी राखणारा गृहस्थ असावा. खळ दिलेली ती ताठ कॉलर आणि तिच्यावर बांधलेले ते बँड लांबून मोठे भारदस्त दिसतात. पण नुकत्याच दाढी केलेल्या नाजूक कातडीवर ते दिवसभर कसे घासतात, हे ज्याचे तोच जाणे. माझ्या वकिलीची पहिली पंधरा वर्षे मी हा जाच मुकाट्याने सोसला. सकाळी दाढी, दुपारी आग, रात्री पुरळ आणि आठवड्यातून एखादे केसतूड, असा माझ्या मानेचा रोजनामाच ठरून गेला होता. एकदा तर युक्तिवाद ऐन रंगात आला असता न्यायाधीशमहाराजांनी मला मध्येच थांबवून, आपल्याला काही लागले आहे काय, असे विचारले. खाली पाहतो तो डाव्या बँडवर रक्ताचा ठिपका! मुद्दा माझ्या बाजूचा होता. पण त्यानंतर न्यायालयाचे लक्ष काही त्या मुद्द्याकडे राहिले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही नाही.

तोवर मी काळाबरोबर चालण्याचा प्रामाणिक प्रयत्न करीत होतो. दाढीच्या यंत्रात एका पात्याची दोन झाली, दोहोंची तीन झाली, तिहींची पाच झाली. आणि दर वेळी आणखी एका पात्याबरोबर आणखी थोडे सुख मिळेल, या आशेने मी दाम मोजीत गेलो. त्या ठिपक्यानंतर मात्र मी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंगातून मान न्याहाळली आणि सांगितले ते असे: अनेक पात्यांच्या यंत्रात पुढचे पाते केस किंचित वर ओढते आणि मागचे तो कापते. कापलेला केस मग कातडीच्या पातळीखाली आखडतो. केस सरळ असला तर तो पुन्हा सुखाने वर येतो. पण माझ्यासारखा राठ आणि वळणाचा असला, तर बाहेरची वाट न सापडून आतल्या आत वळतो, आणि शरीर त्याला परका समजून त्याच्याशी झगडू लागते. आपलाच केस, आपल्याच कातडीखाली, आणि तरी परका! सीमाभागात जन्मलेल्या माणसाला हे प्रकरण अधिक फोड करून सांगावे लागत नाही.

डॉक्टरांनी दोन उपाय सुचवले. दाढी राखा, नाही तर एका पात्याच्या सेफ्टी रेझरकडे वळा. पहिला उपाय मी तीन आठवडे करून पाहिला. खाज सोसली, पण घरातल्या वरिष्ठ न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी तिची कागदपत्रे पाहावीत, ही वकिलाची खोड. रेझरची कागदपत्रे मोठी मनोरंजक निघाली. पात्याच्या धारेपुढे आडकाठी बसवण्याची कल्पना जुनीच. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० सालीच तसा रेझर काढला होता. पण त्याच्या पात्याला पुनःपुन्हा धार लावावी लागे. बाटल्यांची बुचे विकत गावोगाव फिरणाऱ्या किंग कॅम्प जिलेट याने ती कटकटच मोडीत काढली: पाते इतके पातळ आणि स्वस्त करावे की बोथट होताच टाकून देता यावे. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. त्याची मुदत सतरा वर्षांची. ती १९२१ साली संपली आणि ही रचना सर्वांना मोकळी झाली. म्हणूनच आजही कोणत्याही कंपनीचे दुधारी पाते कोणत्याही कंपनीच्या रेझरमध्ये बसते. एकाधिकार संपल्याचा इतका निर्विवाद लाभ मी अन्यत्र क्वचितच पाहिला आहे. 'सेफ्टी' या शब्दाचा अर्थ मात्र कंपनी कायद्यातल्या 'लिमिटेड'सारखा घ्यावा; जबाबदारी मर्यादित होते, नाहीशी होत नाही.

गणपत गल्लीतल्या दुकानात दुकानदाराने चार-पाच रेझर काचेवर मांडले. आमच्या वकीलसंघातले गोव्याकडचे एक स्नेही माझ्याबरोबर होते. गेली वीस वर्षे ते आपल्या आजोबांचाच रेझर वापरतात, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द मी तज्ज्ञाच्या साक्षीसारखा मानतो. एका रेझरला पात्याखाली कंगव्यासारखे दात होते. दुसऱ्याला सरळ दांडी. दातांचा प्रकार दाट, वाढलेल्या दाढीसाठी बरा, पण सहसा उग्र. नाजूक कातडीला सरळ दांडीच बरी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाते दांडीबाहेर किती डोकावते आणि दोहोंमध्ये फट किती राहते. दोन्ही जितकी कमी, तितका रेझर सौम्य. मी साहजिकच सर्वांत हलका रेझर उचलला. जे हलके ते कोमल, असा माझा सरळ हिशेब. स्नेह्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि भरीव मुठीचा, चांगला जड रेझर हातात ठेवला. हलक्या रेझरला माणूस दाबतो, जड रेझर आपल्या वजनाने चालतो, असे त्यांचे म्हणणे. पात्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी मत देण्याचे नाकारले. निरनिराळ्या पाच कंपन्यांची एकेक पुडी घ्या, म्हणाले. एकाला लोण्यासारखे वाटणारे पाते दुसऱ्याच्या गालावर करवत होते.

एवढी सावधगिरी बाळगूनही पहिल्या दिवशी मी तीन ठिकाणी कापून घेतले. पाच पात्यांच्या यंत्राने माझ्या हाताला दाबण्याची जी सवय लावली होती, ती रेझर बदलल्याने जाणार कशी? तुरटी फिरवली तेव्हा डोळ्यांत पाणी आले. स्नेह्यांना दाखवले तर त्यांनी कोकणीत दोनच शब्दांचा नव्हे, पण तितकाच लहान निकाल दिला: "सवकास. घाय नाका." मग शिकलो. दाढी आंघोळीनंतर, केस मऊ झाल्यावर करायची. फेस ब्रशने चांगला घोळवायचा. रेझर कातडीशी साधारण तीस अंशांनी धरायचा, लहान लहान हात घ्यायचे, आणि केसांच्या कलानेच जायचे. उलटा हात मारण्याचा मोह आवरायचा.

हे केसांच्या कलाचे प्रकरण वाटते तितके सोपे नाही. गालावर केस खाली उतरतात, तेच हनुवटीखाली आडवे होतात, आणि माझ्या डाव्या मानेवर तर कंठापाशी चक्क वर चढतात. तेथे एक सरसकट रेषा ओढून चालत नाही. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमावादात पाटसकरांनी खेडे हा घटक धरला होता. मीही बोट फिरवीत टीचभर कातडी हा घटक धरला आणि प्रत्येकीचा कल वेगळा नोंदवला. या मोजणीला महिना लागला. आमच्याकडे सीमेचे काम एका महिन्यात उरकल्याचे हे एकमेव उदाहरण असावे.

डॉक्टरांनी निघताना आणखी एक गोष्ट सांगितली होती. "रोज दाढी करू नका. कातडीला मध्ये एखादा दिवस तरी विसावा द्या." ते ऐकले त्या क्षणी मला शनिवार आठवला.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, निपाणीला तंबाखूच्या एका वखारीत हिशेबनीस होते. दाढी आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी. वखारीतून आले की आंघोळ करायचे आणि पडवीतल्या खुंटीला आरसा टांगून बसायचे. रविवारी दिवसभर त्यांचे गाल लालसर दिसत. एरवी आठवडाभर पांढरे-काळे खुंट. मी बेळगावला कायद्याच्या वर्गात असताना ते फी भरायला येत, तेव्हा मला त्या खुंटांची लाज वाटे. एकदा मी स्पष्टच म्हणालो, "अण्णा, चार माणसांत येताना दाढी तरी करून येत जा." ते हसले आणि म्हणाले, "शनवारी करतो की रं." मी तो आळस समजलो.

वखारीत दिवसभर तंबाखू चाळला जाई. त्याची बारीक धूळ हवेत तरंगत असे. नुसते दारात उभे राहिले तरी शिंका येत. ताज्या दाढीवर, घामाबरोबर ती धूळ बसली तर काय होत असेल, हे मला स्वतःची मान भिंगाखाली ठेवीपर्यंत सुचले नाही. वखार बंद रविवारी. शनिवारी दाढी केली म्हणजे कातडीला एक रात्र आणि एक दिवस मिळे. कातडी त्यांचीही हीच होती. ती मला त्यांच्याकडूनच आली. त्यांनी ते कोणाला सांगितले नाही, आणि रोज न्यायालयात साक्षीदारांना प्रश्न विचारणाऱ्या मुलानेही त्यांना कधी विचारले नाही. मला हे कळले तोवर अण्णांना जाऊन चार वर्षे झाली होती.

माझे लग्न २००८ सालच्या मे महिन्यात झाले. त्या दिवशी सकाळी मी हट्टाने नाभिकाला घरी बोलावले आणि अण्णांची दाढी अगदी गुळगुळीत, उलटा हात फिरवून करायला सांगितली. त्यांनी विरोध केला नाही. लग्नाचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. सगळे जण उकाड्याने घामाघूम झालेले दिसतात, आणि अण्णांनी तेवढे उपरणे गळ्याभोवती हनुवटीपर्यंत गुंडाळून घेतलेले आहे. फोटो काढण्यापूर्वी, उपरणे जरा नीट घ्या, असे मी त्यांना म्हणालो होतो.