ठेवणीतल्या साडीची घडी मोडताना

मराठी घरातल्या कपाटाचे बहुधा दोन भाग असतात. एक रोजच्या कपड्यांचा आणि दुसरा ठेवणीतल्या कपड्यांचा. रोजचे कपडे धुऊन धुऊन विटतात, विरतात आणि शेवटी त्यांचं पायपुसणं होतं. ठेवणीतले कपडे मात्र लग्न, मुंज, बारशाची वाट पाहत पडून राहतात. भारी साडीवर घरातल्या बाईचा जीव असतो, पण ती साडी तिच्या अंगावर वर्षातून दोनदाही येत नाही. मग एके दिवशी मोठ्या हौसेने घडी उलगडावी, तर साडी घडीवरच चिरलेली असते.

चेन्नईच्या पेरंबूर भागातल्या एका मराठी घरात नेमकं हेच घडलं. घरातले गृहस्थ तरुणपणी सोलापूरहून तिथल्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यात नोकरीला आले आणि कायमचे चेन्नईकर झाले. बोनस हातात पडला की ते पत्नीला घेऊन टी. नगरला जात आणि एक कांजीवरम घेत. जिथे 1928 पासून नल्लींचं दुकान आहे, त्या पनगल पार्कच्या परिसरात त्यांचा तो ठरलेला फेरा असे. अशा अकरा साड्या जमल्या. प्रत्येक साडीला एक वर्ष होतं, एक आठवण होती.

गृहस्थ गेले आणि साड्या कपाटात बंद झाल्या. ‘नेसू नका’ असं त्या माउलीला कुणी म्हटलं नाही, पण ‘नेसा’ असंही कुणी म्हटलं नाही. चार वर्षांनी सुनेने कपाट आवरायला काढलं, तेव्हा मोरपंखी साडी घडीवर उभी फाटलेली निघाली. सासूबाईंनी ती मांडीवर घेतली आणि बराच वेळ काही न बोलता बसून राहिल्या.

‘‘आई, उरलेल्या दहांचं असं नको व्हायला. मी ऑफिसला नेसू का?’’ सुनेने विचारलं.

‘‘अगं, कांजीवरम कुणी ऑफिसला नेसतं का? तिथे काय लग्न आहे?’’

‘‘लग्न नाही आई, सोमवार आहे.’’

सुनेने सगळ्यांत कमी जरीची विटकरी साडी निवडली. तिच्यासोबतचं जरीच्या काठाचं रेशमी ब्लाऊज बाजूला ठेवलं आणि रोजच्या वापरातलं साधं काळं सुती ब्लाऊज घातलं. गळ्यात नेहमीचं छोटं मंगळसूत्र, पायांत सपाट चपला, खांद्याला डब्याची पिशवी. ती लोकलने ऑफिसला गेली आणि संध्याकाळी परत आली. साडीला काही झालं नाही, कुणी टवकारूनही पाहिलं नाही.

पाहणार तरी कोण? चेन्नईला हे दृश्य नवं नाही. मयिलापूरला कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांवर रेशमी साडी नेसून, साध्या चपला घालून भाजी घेणाऱ्या बायका दिसतात. डिसेंबरमध्ये मार्गळी महिन्यातल्या संगीत महोत्सवात म्युझिक अकादमीपासून लहानमोठ्या सभांपर्यंत श्रोत्यांमध्ये कांजीवरमच कांजीवरम असतात, आणि त्याच साडीत त्या कँटीनमध्ये उभ्याने डोसा खातात. पुरुषही जरीकाठाच्या वेष्टीवर साधा पांढरा शर्ट घालतात. या वेशाचा तिथे अभिमान एवढा, की 2014 मध्ये वेष्टी नेसलेल्या एका न्यायमूर्तींना चेन्नईच्या एका क्लबमध्ये प्रवेश नाकारला गेला, तेव्हा विधानसभेने त्याच वर्षी अशी अडवणूक रोखणारा कायदा केला.

पेरंबूरच्या घरात मात्र प्रश्न सरळ सुटला नाही. पुण्याच्या नणंदेला फोनवर बातमी कळली आणि ती दुखावली. ‘‘बाबांनी आईसाठी घेतलेल्या साड्या ऑफिसात झिजवायला काढल्यास?’’ तिचंही चुकत नव्हतं. तिच्या लेखी त्या साड्या म्हणजे वडिलांची ठेव होती. सून गप्प राहिली. फोन सासूबाईंनी घेतला. म्हणाल्या, ‘‘बाबांनी साड्या नेसायला घेतल्या होत्या, जपायला नव्हे. मोरपंखी मीच जपून जपून घालवली. तूही येशील तेव्हा दोन घेऊन जा, पण नेसणार असशील तरच.’’

या बोलण्यात भावना आहे, तसं व्यवहाराचं शहाणपणही आहे. चेन्नईहून सुमारे 70 किलोमीटरवर असलेल्या कांचीपुरममध्ये ही साडी जाड पिळाच्या रेशमी धाग्याने विणतात. अस्सल जरीत लाल रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. काठ आणि अंग वेगळ्या रंगांचं असेल, तर ते विणतानाच एकमेकांत अडकवतात. असं मजबूत वस्त्र चार वेळा नेसल्याने बिघडत नाही. वर्षानुवर्षं एकाच घडीवर दाबून ठेवलं, तर मात्र त्या रेषेवर धागा आणि जर दोन्ही तुटतात. दमट हवेत चांदी काळवंडते, ते वेगळंच. घामाचा पहिला मार बसतो तो ब्लाऊजवर. म्हणून रेशमी साडीवर सुती ब्लाऊज ही काटकसर नाही, उकाड्याच्या गावात तीच सोय आहे.

तुम्हालाही ठेवणीतली साडी रोजच्या वापरात आणायची असेल, तर एक साधं सूत्र लक्षात ठेवा. अंगावर भारी वस्तू एकच असावी, बाकी सगळं साधं. साडी जरीची असेल तर ब्लाऊज एकरंगी सुती आणि दागिने नेहमीचे. ब्लाऊज पैठणीचं असेल तर साडी साधी, इस्त्रीची. भरजरी दुपट्टा पांढऱ्या सुती कुर्त्यावर जितका खुलतो, तितका भरजरी ड्रेसवर खुलत नाही. सुरुवात कमी जरीच्या, हलक्या साडीपासून करा. शालू समारंभालाच राहू दे.

नेसून झाल्यावर साडी लगेच कपाटात ठेवू नका. ती सावलीत, वाऱ्यावर टाका, घाम सुकू द्या. अत्तर किंवा सेंट जरीवर मारू नका. डांबराच्या गोळ्या साडीला टेकवून ठेवू नका. धुतलेल्या मलमलीत साडी गुंडाळा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे ती नेसत राहा, घडी आपोआप बदलेल.

2015 मध्ये बंगळुरूच्या दोन मैत्रिणींनी वर्षात शंभर वेळा साडी नेसायची आणि प्रत्येक साडीची गोष्ट सांगायची असं ठरवलं. ‘हंड्रेड सारी पॅक्ट’ नावाने तो उपक्रम गाजला आणि ठिकठिकाणच्या बायकांनी कपाटं उघडली. त्यांतून निघालेल्या गोष्टी किमतीच्या नव्हत्या. आईच्या, आजीच्या, पहिल्या पगाराच्या होत्या. साडी अंगावर आली, तेव्हाच त्या सांगितल्या गेल्या.

त्या वर्षी डिसेंबरात पेरंबूरच्या सासूबाई सुनेबरोबर सभेला गेल्या. कॉफी रंगाची कांजीवरम, घरात घालायचं मलईच्या रंगाचं सुती ब्लाऊज आणि गुडघे दुखतात म्हणून रबरी तळव्यांच्या चपला. निघताना त्यांनी आरशात पाहिलं आणि विचारलं, ‘‘फार भारी नाही ना दिसत?’’ सून म्हणाली, ‘‘नाही आई, तुमच्यासारखंच दिसतंय.’’

नवी साडी पहिल्यांदा नेसली की आपण ‘घडी मोडली’ म्हणतो, आणि ती मोडायचा मान आवडत्या माणसाला देतो. मग एकदा मोडलेली घडी पुन्हा वर्षानुवर्षं घट्ट का बसवायची? ज्याने ती साडी घेतली, त्याचं प्रेम कपाटात नाही, नेसण्यात आहे. त्यासाठी लग्नाचा मुहूर्त लागत नाही. सोमवारही चालतो.