थांबायला शिकलो तेव्हा

आपल्यापैकी अनेकांच्या घरी संध्याकाळी नातवंडांच्या अभ्यासाची जबाबदारी आजी-आजोबांवर असते. आमच्या सिडकोतील घरीही तसेच आहे. गेल्या वर्षी माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. नवा चष्मा मिळेपर्यंत मला वृत्तपत्र वाचता येईना, म्हणून दुसरीतल्या नातीला मथळे वाचायला सांगितले. ती प्रत्येक शब्दाशी अडखळू लागली. “एवढेही येत नाही?” मी चिडून म्हणालो. त्यानंतर दप्तर उघडण्याची वेळ झाली, की तिचे पोट दुखू लागे.

आम्ही तिचे डोळे व कान तपासून घेतले. दोष आढळला नाही. मग तिच्या बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, “आजोबा, तिला अक्षरे येतात, ती जुळवायला वेळ लागतो. तुम्ही परीक्षा घेऊ नका, तिच्यासोबत वाचा.”

घरी येऊन मी पुस्तक तिच्या नजरेने पाहिले. ‘दिवा’ या शब्दातील वेलांटी डोळ्यांना ‘द’च्या आधी दिसते, पण तिचा उच्चार होतो ‘द’नंतर. ‘सूर्य’मधील रफार बसतो ‘य’च्या डोक्यावर, उच्चारात मात्र तो ‘य’च्या आधी येतो. साठ-पासष्ट वर्षांच्या सवयीने हे कष्ट मी पार विसरून गेलो होतो. मुलाची सारी शक्ती अक्षरे जुळवण्यात खर्च झाली, तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत अर्थ हातून निसटतो. 2021 साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानेही मूल समजून वाचू लागण्यासाठी तिसरी संपेपर्यंतचा अवधी धरला आहे. मला मात्र दुसरीतच घाई झाली होती.

औरंगपुऱ्यातून मोठ्या टाइपाची गोष्टींची पुस्तके आणली. रोज दहा मिनिटे आम्ही शेजारी बसू लागलो. एक ओळ मी वाचायची, एक तिने. शब्दांखाली बोट फिरवायचे. ती अडली, की मनात पाच अंक मोजायचे. तरीही जमले नाही, तर तो शब्द हळूच सांगून पुढे जायचे. शेवटी गोष्टीवर गप्पा मारायच्या. काही आठवड्यांत पोटदुखी थांबली. अशा प्रयत्नांनंतरही एखादे मूल फारच मागे राहत असेल, तर त्याला आळशी ठरवू नका. शिक्षकांशी बोला, बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.

परवा जुनाच चष्मा लावून मी गोष्ट वाचत होतो. एका जोडाक्षरापाशी अडलो. नात काहीच बोलली नाही. तिचे ओठ मात्र हलत होते. ती पाचपर्यंत मोजत होती. मग तिने तो शब्द माझ्या कानात सांगितला आणि बोट पुढच्या शब्दाखाली सरकवले.